माहेरचं बाळंतपण आणि नातवंडाचं ब्रिटिश नागरिकत्व

पंचगंगा (पुणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, पण इथे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा १९८४ मध्ये नोकरीसाठी लेस्टरला गेले आणि १९८९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. आईने भारतीय पासपोर्ट सोडला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती कोल्हापूरला आली आणि १९९१ मध्ये माझा जन्म तिथे झाला. मी काही महिन्यांची असतानाच आम्ही लेस्टरला परत गेलो. धाकटा भाऊ १९९५ मध्ये लेस्टरच्याच हॉस्पिटलात जन्मला. २००२ मध्ये सगळं घर कायमचं कोल्हापूरला परतलं. आम्हा दोघा भावंडांकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहू देणारं) आहे.

भावाची बायको भारतीय. त्यांची मुलगी बंगळूरला जन्मली आणि तिला थेट ब्रिटिश पासपोर्ट मिळाला. माझा नवराही भारतीय, आमचा मुलगा गेल्या वर्षी पुण्यात जन्मला. त्याचा अर्ज भरायला घेतला तर माझा जन्म कुठला, माझे वडील नागरिक कसे झाले, असे प्रश्न येत गेले आणि मी थांबले. माझ्या आणि भावाच्या पासपोर्टवर तंतोतंत सारखं लिहिलंय. मग मुलांच्या बाबतीत फरक का? माझा मुलगा ब्रिटिश आहे का? नसेल तर होऊ शकतो का? तीन-चार वर्षांत तिकडे राहायला जाण्याचा विचार आहे, पण नक्की नाही.

मिरजकर (मिरज)

आईवडिलांपैकी एक ब्रिटिश म्हणजे मूल ब्रिटिश, एवढंच मीही ऐकून होतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

पंचगंगा, तुम्ही अर्ज भरता भरता थांबलात ते फार बरं केलंत. मी इथे नागरिकत्वाच्याच प्रकरणांवर काम करते. खाली लिहितेय ती कायद्याची माहिती आहे. तुमची कागदपत्रं पाहून सल्ला द्यायचा तर तो रीतसर नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्या. बिननोंदणी सल्ला देणं इथे गुन्हा आहे, आणि आपल्या लोकांची त्यात बरीच फसवणूक होते.

सगळं ठरतं ते १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टवर. तो १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. या कायद्याने नागरिकांचे दोन प्रकार केले. एक ‘बाय डिसेंट’, म्हणजे स्वतः परदेशात जन्मलेला आणि आईवडिलांमुळे नागरिक झालेला. दुसरा ‘अदरवाइज दॅन बाय डिसेंट’, म्हणजे ब्रिटनमध्ये जन्मून नागरिक झालेला, किंवा तुमच्या बाबांसारखा नॅचरलायझेशनने, म्हणजे तिथे राहून अर्ज करून, झालेला. ब्रिटनमध्ये राहण्या-मतदानाचे हक्क दोघांचे अगदी सारखे. पासपोर्टवर प्रकार छापतच नाहीत, त्यामुळे आयुष्यभर कुणाला पत्ता लागत नाही. फरक दिसतो तो फक्त मूल ब्रिटनबाहेर जन्मलं की. दुसऱ्या प्रकारच्या नागरिकाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी आपोआप ब्रिटिश. पहिल्या प्रकारच्या नागरिकाचं मूल बाहेर जन्मलं तर आपोआप काहीच नाही.

तुमचा भाऊ लेस्टरला जन्मला, म्हणून त्याची बंगळूरची लेक जन्मतः ब्रिटिश. तुम्ही कोल्हापूरला जन्मलात, म्हणून तुम्ही बाय डिसेंट, आणि तुमचा मुलगा आज ब्रिटिश नाही. त्याच्यासाठी पासपोर्टचा अर्ज केला असता तर तो नाकारला गेला असता. आधी नागरिकत्वाची नोंदणी, मग पासपोर्ट.

हे मला दर वेळी खटकतं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते यात काहीच चुकीचं नाही. परक्या देशात आईविना बाळंतपण काढणं काय असतं ते मी पाहिलंय. पण त्या प्रवासाचा परिणाम तीस वर्षांनी नातवंडावर होतो, हे त्या मुलीला कुणीतरी आधी सांगायला हवं. जन्मलेल्या बाळाचं काही अडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता उपाय. कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तुमच्यासारख्यांसाठीच वाट ठेवलेली आहे. अटी अशा: मुलाच्या जन्मावेळी तुम्ही बाय डिसेंट नागरिक असायला हव्यात, आहात. तुमच्या जन्मावेळी तुमचे वडील किंवा आई ‘अदरवाइज’ प्रकारचे नागरिक असायला हवेत. बाबा १९८९ मध्ये झाले, तुम्ही १९९१ च्या, म्हणजे बसलं. तिसरी अट, मुलाच्या जन्माआधी कधीतरी तुम्ही ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षं राहिलेल्या असाव्यात आणि त्या तीन वर्षांत देशाबाहेरचे दिवस एकूण २७० पेक्षा जास्त नसावेत. तुमचं बालपणच तिथे गेलंय. अर्ज मूल अठरा वर्षांचं होण्याआधी करायचा. पूर्वी ही मुदत जन्मापासून बारा महिने होती. २००९ च्या कायद्याने ती वाढली आणि जानेवारी २०१० पासून अठरापर्यंत झाली. जुने सल्ले वाचून अजूनही लोक समजतात की वर्ष उलटलं म्हणजे संपलं. संपलेलं नाही.

या अटी पूर्ण झाल्या तर नोंदणी हा हक्क आहे, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही.

पंचगंगा (पुणे)

दूरदेशी, इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलंच नव्हतं तर तू काय करणार होतीस.

एक शंका. दर उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरला यायचो, आणि एका वर्षी आजी आजारी होती तेव्हा खूप महिने इथेच होतो. २७० दिवसांचं कसं मोजायचं?

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

तीन वर्षं कुठली धरायची ते तुम्ही निवडायचं. मुलाच्या जन्मापूर्वी संपणारी कुठलीही सलग तीन वर्षं चालतात, म्हणून आजीच्या आजारपणाचं वर्ष टाळून खिडकी निवडा. इथल्या शाळेची उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची; तीन सुट्ट्या पूर्ण भारतात काढल्या तरी २७० च्या बऱ्याच आत राहता. त्या काळाचा पुरावा म्हणून शाळेचं पत्र किंवा प्रगतिपुस्तकं, जीपीकडची (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडची) लसीकरणाची नोंद, आणि तेव्हाचा जुना पासपोर्ट असेल तर त्यावरचे भारतीय शिक्के. जुने पासपोर्ट कधीही टाकू नका. शाळा बंद पडली असेल तर तिथल्या काउन्सिलला लिहा.

लेस्टरकर (लेस्टर)

पंचगंगा, तुमच्या काळातली प्राथमिक शाळा सांगितलीत तर पत्र आणायला मी जाऊ शकेन. खरडवहीत लिहा.

शिरीष_ठाणे (ठाणे)

आता भारताची बाजू, कारण पालक तिथे अडकतात. पंचगंगाताईंचा मुलगा भारतात जन्मला, वडील भारतीय, म्हणून तो आज जन्मतः भारतीय नागरिक आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. ३(२) खाली नोंदणी करून ब्रिटिश पासपोर्ट घेतलात तर त्याचा भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागेल आणि मग ओसीआय काढायचं. दोन्ही पासपोर्ट घरात ठेवून प्रवास करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलाच्या बाबतीत ते तर अजिबात करू नका, मोठेपणी त्यालाच त्रास होतो. आणि नुसता ब्रिटिश पासपोर्ट हातात, व्हिसा नाही, ओसीआय नाही, अशा मुलाला विमानतळावरून देशाबाहेर जाऊ देत नाहीत. ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी घ्यावी लागते. तिकीट काढायच्या आधी हे करा.

ओसीआयने इथे राहता, शिकता, नोकरी करता येते. मतदान नाही, सरकारी नोकरी जवळपास नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. कोल्हापूरकडे घरोघरी शेती असते म्हणून मुद्दाम लिहितोय.

यापेक्षा मोठा मुद्दा शिक्षणाचा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय किंवा जादा जागांसाठी पात्र धरतात. म्हणजे मुलगा इथेच वाढणार असेल आणि मेडिकलला जायचं म्हणाला, तर आज काढलेल्या पासपोर्टची किंमत तेव्हा कळेल.

अवनी_क (नाशिक)

शिरीषदादा, हा मुद्दा फार महत्त्वाचा. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं अगदी हेच झालं. हुशार मुलगा, पण सर्वसाधारण जागा त्याच्यासाठी बंद.

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

सहमत. म्हणून मी पंचगंगांना ‘लगेच भरा’ असं म्हणणार नाही. घाई न करण्याचं इथलंही एक कारण आहे आणि ते भल्याभल्यांना माहीत नसतं.

३(२) ने नोंदणी झालेलं मूल पुन्हा बाय डिसेंटच होतं. म्हणजे तुमचा मुलगा मोठा झाला आणि त्याचं मूल भारतात जन्मलं, तर आज तुम्ही जिथे उभ्या आहात तिथेच तो उभा राहील. पण तुमच्या बाबतीत ३(२) ला तुमच्या बाबांचा आधार आहे; त्याच्या मुलासाठी तो आधार नसेल, कारण त्याची आई म्हणजे तुम्ही स्वतः बाय डिसेंट. साखळी तिथे तुटेल.

दुसरी वाट कलम ३(५) ची. मूल, आई आणि वडील असे तिघे ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षं राहिले, प्रत्येकाचे बाहेरचे दिवस २७० च्या आत, आणि मूल अठराच्या आत असताना अर्ज केला, दोघा पालकांची संमती असली, तर ते मूल नोंदणीने ‘अदरवाइज’ प्रकारचं नागरिक होतं. पुढच्या पिढीला देऊ शकतं. घटस्फोट झालेला असेल किंवा एक पालक हयात नसेल तर एकाच पालकाचं वास्तव्य बघतात.

अडचण अशी की एकदा ३(२) ने नागरिक झालं की ३(५) चा अर्ज करता येत नाही. जो आधीच नागरिक आहे त्याची पुन्हा नोंदणी कशी होणार? तीन-चार वर्षांत खरंच इकडे यायचं ठरलं, तर आधी थांबून ३(५) घेणं मुलाच्या दृष्टीने जास्त मोलाचं.

त्याची किंमत मोजावी लागते, तीही सांगते. तुमच्या यजमानांना स्पाउस व्हिसा लागेल. ११ एप्रिल २०२४ पासून त्यासाठी उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंड झाली. मुलगा नागरिक नसल्यामुळे त्यालाही वडिलांबरोबर व्हिसा लागेल आणि आरोग्य अधिभारही (व्हिसाबरोबर भरायचं सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क). फेब्रुवारी २०२४ पासून तो मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. शेवटी नोंदणीची फी दोन्ही वाटांना लागतेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलांची फी १,२१४ पौंड केली होती. आकडे सारखे बदलतात, भरायच्या दिवशी सरकारी पानावर बघा.

मिरजकर (मिरज)

माझा वेगळा प्रश्न. आजोबांचा जन्म १९३२ चा, रत्नागिरी. तेव्हा ब्रिटिशांचंच राज्य. पणजोबा ब्रिटिश फौजेत होते. एका एजंटने चुलतभावाला सांगितलंय की या आधारावर अर्ज होतो. पैसे भरायचे आहेत.

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

भरू देऊ नका. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले लोक तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होते हे खरं, पण १ जानेवारी १९४९ ला जो १९४८ चा कायदा लागू झाला त्याने युनायटेड किंगडम आणि वसाहतींचं वेगळं नागरिकत्व निर्माण केलं. भारत तेव्हा वसाहत नव्हता. ज्यांचे वडील किंवा वडिलांचे वडील ब्रिटनमध्ये वा तेव्हाच्या वसाहतीत जन्मले होते अशांनाच ते मिळालं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटनेनुसार तुमचे आजोबा भारतीय नागरिक झाले. फौजेतल्या नोकरीने वंशाचा हक्क येत नाही.

आजी-आजोबांपैकी कुणी प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये जन्मलं असेल तर भारतीय नागरिकाला यूके अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसा मिळू शकतो, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. तो पाच वर्षांचा असतो. रत्नागिरी त्यात बसत नाही.

मिरजकर (मिरज)

चुलतभावाला आत्ताच फोन केला. आभारी आहे.

सुमेधा_दादर (मुंबई)

धागा वाचून धीर आला म्हणून लिहिते. माझे आजोबा डॉक्टर. पुढच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले होते, आजीही बरोबर होती. आईचा जन्म १९५१ मध्ये तिथेच झाला. ती दोन वर्षांची असताना सगळे मुंबईला परतले. तिने आयुष्यभर भारतीय पासपोर्टच वापरला. माझा जन्म १९७५ चा, भावाचा १९८५ चा, दोघेही मुंबईत. आमचा काही संबंध लागतो का?

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

सुमेधा, लागतो, आणि तुम्हा दोघांचा वेगवेगळा लागतो.

तुमची आई एडिंबरोत जन्मल्यामुळे जन्मतःच ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतीं’ची नागरिक होती. आजोबा विद्यार्थी म्हणून गेले होते, राजनैतिक अधिकारी म्हणून नाही, त्यामुळे अपवादही लागत नाही. भारतीय पासपोर्ट वापरल्याने ब्रिटनच्या कायद्यानुसार ते नागरिकत्व जात नाही. स्वतः सोडल्याचा जाहीरनामा द्यावा लागतो. म्हणजे १ जानेवारी १९८३ ला ती ब्रिटिश नागरिक झाली, तिला कळो न कळो. तुमचा भाऊ त्यानंतर जन्मला, म्हणून तो जन्मतः बाय डिसेंट ब्रिटिश आहे. त्याला नोंदणी नको. आईचा एडिंबरोचा जन्मदाखला मिळवून थेट पासपोर्टचा अर्ज करता येईल.

तुम्ही १९७५ च्या. १९८३ पूर्वी ब्रिटिश आई आपल्या मुलांना नागरिकत्व देऊच शकत नव्हती, फक्त वडील देऊ शकत. हा अन्याय दुरुस्त करायला कलम ४सी आलं. आधी ते ७ फेब्रुवारी १९६१ नंतर जन्मलेल्यांपुरतंच होतं, २०१० मध्ये ती तारीखही काढली. तुम्ही यात बसता. ‘आई नागरिकत्व देऊ शकली असती तर’ असं धरून नोंदणी होते, वयाची कमाल अट नाही. शेली रोमीन नावाच्या, १९७८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या बाईंचा खटला यावरच ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांची आई स्वतः बाय डिसेंट होती, तरीही. तुमचं प्रकरण त्याहून सरळ आहे.

सुमेधा_दादर (मुंबई)

मी पन्नाशीची आहे, मला तिकडे जायचं नाही. पण आईला आज सांगितलं की तू ब्रिटिश नागरिक आहेस, आणि तुझ्या मुलीला मिळालं नाही ते फक्त तू बाई होतीस म्हणून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, अर्ज कर. जायचं नाही म्हणून हक्क सोडायचा नाही.

शिरीष म्हणतात ते ध्यानात आहे. भारतीय नागरिकत्व जाणार, तेव्हा घरात नीट बोलून ठरवू.

नैरोबीवाले (पुणे)

आमचे वडील १९५८ मध्ये नैरोबीत जन्मले, आजोबा तिथे रेल्वेत होते. १९६४ मध्ये पुण्याला आले.

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

नैरोबी वसाहतीत होतं, म्हणून वडील जन्मतः ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतीं’चे नागरिक. मोंबासा असतं तर तो किनारपट्टीचा भाग संरक्षित प्रदेश होता, हिशेब वेगळा. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला तेव्हा केनियात जन्मलेल्या आणि आईवडिलांपैकी एक तिथेच जन्मलेल्या लोकांनाच आपोआप केनियाचं नागरिकत्व मिळालं. बाकीच्यांचं जुनं राहिलं. पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नसल्यामुळे १९८३ मध्ये अशांना ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ केलं गेलं, आणि ते पुढच्या पिढीला जात नाही. तुमच्यासाठी यातून मार्ग निघत नाही. वाईट वाटतं सांगताना. पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या लोकांना ब्रिटनने कागदावर आपलं म्हटलं आणि १९६८ च्या कायद्याने दार लावून घेतलं.

मडगांवची_पोर (स्विंडन)

इथल्या गोंयकार मुलींसाठी मला एक घालायचंय. आमच्याकडे बऱ्याच जणांचा पोर्तुगीज पासपोर्ट आणि इथे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क. ब्रिटिश पासपोर्ट नाही. अशी मुलगी बाळंतपणाला गोव्याला गेली तर बाळ ब्रिटिश अजिबात होत नाही, बाय डिसेंटसुद्धा नाही. इथे जन्मलं असतं तर जन्मतः ब्रिटिश. बरोबर ना?

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

अगदी बरोबर, आणि आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) असलेल्या पुण्या-मुंबईच्या जोडप्यांनाही हेच लागू. आईवडिलांपैकी एक नागरिक किंवा स्थायिक असेल तर ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल ब्रिटिश. देशाबाहेर मात्र नागरिकच हवा, नुसतं स्थायिक असून भागत नाही. मग त्या तान्ह्या बाळाला आईबरोबर परतायला व्हिसा लागतो. शक्य असेल तर आईलाच इकडे बोलवा. व्हिजिटर व्हिसावर आजी येऊ शकते. डिंकाचे लाडू इथेही करता येतात.

पंचगंगा (पुणे)

आम्ही दोघांनी बसून ठरवलं. सध्या मुलाचा भारतीय पासपोर्ट काढतोय. जायचं नक्की झालं तर ३(५), नाही झालं तर तो पंधरा-सोळाचा झाल्यावर त्याला विचारून ३(२). कागदपत्रं मात्र आत्ताच जमवतेय. बाबांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट सापडलं. आईबाबांचं लग्न १९८८ मध्ये कोल्हापूरला झालं, पण नोंदणीच झाली नव्हती. ते लागेल का? आणि माझ्या जन्मदाखल्यावर नाव नाही, फक्त ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं.

दूरदेशी (ब्रॅडफर्ड)

लग्नाचा पुरावा लागेल. १ जुलै २००६ पूर्वी जन्मलेल्यांना वडिलांकडून नागरिकत्व मिळायला आईवडिलांचं लग्न झालेलं असणं आवश्यक होतं. तुमचा पासपोर्ट निघाला तेव्हा काही ना काही दिलं असेल, पण नव्या अर्जात पुन्हा मागतील.

शिरीष_ठाणे (ठाणे)

उशिरा नोंदणी होते, १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींच्या सह्या असं मागतात. भटजी हयात नसतील तर कोणतं प्रतिज्ञापत्र चालेल ते आधीच विचारा. आईबाबा दोघंही हिंडते-फिरते आहेत तोवर हे उरका. जन्मदाखल्यात नाव घालण्यासाठी कोल्हापूर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना पासपोर्ट घेऊन जा. नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळाला तर भाषांतराचा खर्च वाचेल. स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, आईचं माहेरचं नाव आलं असेल तर तेही बघा.

लेस्टरकर (लेस्टर)

शाळेचं नाव मिळालं. सोमवारी जाऊन येतो, जुने रजिस्टर कुठे ठेवलेत ते विचारतो आणि इथेच कळवतो.